बॉनेटच्या पलीकडून

गाडीच्या वायरिंगचं काम दोन माणसांचं आहे. पंक्चरवाला एकटा पंक्चर काढतो, डेंटिंगवाला एकटा पत्रा ठोकत बसतो, पण ब्रेकचा लाइट लागतो की नाही एवढं साधं पाहायचं असेल तरी एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून पाहायचं, याला इलाज नाही. गोंदियाजवळ फुलचूरला राहत्या घराला लागून टिनाचं शेड टाकून मी हे काम करतो. गेल्या दोन पावसाळ्यांपासून एकटाच करतो. पेडल आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवायची, ती निसटायच्या आत मागे धावायचं आणि लाइट पाहायचा. आपला हात जगन्नाथ म्हणतात ते खरं आहे, पण पाय दुसऱ्याचा लागतो.

आमच्याकडे तो पाय बायकोचा होता. लग्न होऊन नुकतीच आली होती. एक जीप दारात उभी होती आणि मला कुणीतरी आत बसायला हवं होतं, म्हणून मी हाक मारली. ती कणकेच्या हातानेच आली आणि स्टिअरिंगला हात लागू नये म्हणून दोन्ही हात वर धरून बसली. मी मागून ओरडलो, "दाब." तिने क्लच दाबला. मी चिडलो, तीही चिडली आणि म्हणाली, "मले का मालूम कोणता दाबाचा, तुमी सांगतलं का?" तेव्हापासून अर्ध्या जिल्ह्यातल्या गाड्यांच्या ड्रायव्हर सीटवर ती बसून झाली असेल. गाडी मात्र तिने एक इंचही चालवलेली नाही. शिकवतो म्हटलं तर म्हणायची, कायले, तुमी आहात ना.

पुढे गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले आणि मी स्कॅनर घेतला. स्कॅनरची केबल आखूड. ती स्टिअरिंगच्या खाली लागते, त्यामुळे स्क्रीन आतच राहते आणि मी बाहेर बॉनेटखाली. बॉनेट उघडं असलं की काचेतून काही दिसत नाही. मग ती आत बसून वाचायची आणि मी पलीकडून ऐकायचो. तिला बिघाडांचे कोड पाठ झाले. नातेवाइकांचे फोन नंबर लोकांच्या तोंडात असतात तसे तिच्या तोंडात कोड होते. कोड ऐकून मी नुसतं हूं केलं की तिला कळायचं, याला जमलं आहे. मी काहीच बोललो नाही की ती चहा ठेवायला जायची, कारण मग वेळ लागणार हे तिला ठाऊक असायचं.

आणि बडबड सतत चालू. सीट किती मागे सरकवली आहे यावरून ती गाडीवाल्याची उंची सांगायची. डॅशबोर्डवर चिंचोके सापडले की म्हणायची, घरात लहान पोरगी आहे. बिडीचा वास आला की म्हणायची, बायकोपासून लपवून पिते हा, खिडकीच्या काचेच्या फटीत राख आहे. मी म्हणायचो, तू आकडा पाहा. ती म्हणायची, पाहूनच राहिली ना जी, आकडा का पळून जाते. समोरासमोर बसून गप्पा मारायची सवय आम्हाला कधी लागली नाही. जे काही बोललो ते बॉनेटच्या अलीकडून आणि पलीकडून बोललो.

मुलीचं बाळंतपण पुण्याला झालं. सासूबाई तिला नाहीत, म्हणून ही गेली. सव्वा महिन्याने येते म्हणाली होती. मग बाळाचं पोट बिघडलं, मग मुलीची रजा संपली, मग सांभाळायला ठेवलेली बाई टिकली नाही. प्रत्येक कारण खरं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. मी मनात ठरवलं होतं की ती एकदा 'येऊ का' म्हणेल आणि मी 'ये' म्हणेन. ती म्हणाली नाही. मग मीही 'ये' म्हटलं नाही. माझ्या नाकावर राग असतो हे साऱ्या फुलचूरला माहीत आहे, पण हा राग नव्हता. मला ती हवी होती आणि ते मागून घ्यायची लाज वाटत होती. एवढंच होतं आणि तेवढ्यानेच सारं अडलं होतं.

रात्री जेवायच्या वेळेला मुलीचा फोन यायचा. व्हिडिओवर नातीचं कपाळ, मग छताचा पंखा, मग बायकोचा अर्धा चेहरा. "जेवले का?" "जेवलो." "काय केलं?" "भात, लाखोरीच्या डाळीचं वरण." "बरं."  मुलगी पलीकडून म्हणायची, "बाबा, बोला ना काहीतरी." काय बोलणार? बोलायला मधे काहीतरी लागतं, एखादी जीप, एखादा जळालेला फ्यूज. नुसत्या चेहऱ्याकडे पाहून मला बोलता येत नाही. फोन ठेवला की मी ताट धुवायचो, शेडचं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहायचो आणि आडवा व्हायचो. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नसला की फ्रिज किती गुरगुरतो ते कळतं.

लोक म्हणायचे, माणूस ठेवा हाताखाली. ठेवून पाहिला. तो आकडा पाहता पाहता मोबाइल पाहायचा. मी बोललो, तो गेला.

गिऱ्हाइकं तर हल्ली बसतच नाहीत. पूर्वी गाडी आणणारा माणूस स्टुलावर बसून सगळी कहाणी सांगायचा. कधी बंद पडली, चढावर की उतारावर, पाऊस होता का, गाडीत कोण कोण होतं. त्या कहाणीत निम्मा फॉल्ट सापडायचा. आता गावातले शेठ लोक चावी फेकतात आणि म्हणतात, "भैया, मशीन लगा के देख लो, मशीन बता देगी." मशीन काय देव आहे? कोड म्हणजे अंगातला ताप. ताप आहे एवढं थर्मामीटर सांगतं, कशाने आला ते सांगत नाही. पण हे ऐकायला कुणी थांबत नाही. काही जण स्वतःच छोटं यंत्र विकत घेऊन मोबाइलवर कोड पाहतात आणि फोटो पाठवून विचारतात, काय बदलू? गाडीही दिसत नाही आणि माणूसही दिसत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी कधी कधी चार वाक्यंही बोललेलो नसतो. त्यातलं एक चहावाल्याशी असतं.

अशा दिवसांत, धानाची कापणी उरकल्यावर, चोरखमाऱ्याकडचा एक शेतकरी डिझेल गाडी घेऊन आला. तिथल्या जलाशयाखाली त्याची धानाची बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, होती, आई आजारी असायची आणि तिला गोंदियाला दवाखान्यात आणायला म्हणून त्याने ही जुनी गाडी घेतली होती. पन्नाशीचा, शांत माणूस. हा मात्र स्टुलावर बसला.

"मधातच बंद पडते जी," तो म्हणाला. "तिरोड्याच्या अलीकडं पडली, मंग दहा मिनिटं उभी ठेवली तं चालू झाली. काल आई मागं बसून होती अन् रस्त्याच्या मधातच बसली गाडी."

मी स्कॅनर लावला. रेल प्रेशर सेन्सर, म्हणजे इंजिनला डिझेल किती दाबाने मिळतं ते कॉम्प्युटरला कळवणारा. त्याच्या सर्किटमध्ये बिघाड असल्याचा कोड होता. तो म्हणाला, हाच कोड दाखवून दोन जागी सेन्सर बदलून झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. नवा सेन्सर चांगला होता, त्याचा कनेक्टर चांगला होता. म्हणजे सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत जाणाऱ्या तारांच्या जुडग्यात कुठेतरी तांबं तुटलं होतं आणि वरचं रबर शाबूत होतं. असा फॉल्ट डोळ्यांना दिसत नाही. चावी चालू ठेवायची, इंजिन बंद, आणि जुडगं वीतभर, वीतभर हलवत जायचं. आत एकाने स्क्रीनवरच्या आकड्यावर नजर ठेवायची. आकडा पॉइंट पाचवर उभा असतो. तार जिथे तुटली आहे तिथे हात पडला की तो क्षणभर शून्यावर पडतो. पडल्या क्षणी आतल्याने ओरडायचं, म्हणजे बाहेरच्याचा हात तिथेच थांबतो.

मी त्या शेतकऱ्यालाच आत बसवलं. बिचारा भला होता, आणि तेच नडलं. मी काही हलवलं की तो मला बरं वाटावं म्हणून म्हणायचा, "हाव जी, हालला वाटते." मी तिथली टेप सोलायचो, तार सुरती साडीच्या काठासारखी अखंड. पुन्हा हलवलं की पुन्हा, "हाव जी, आता हालला." तिसऱ्यांदा मी विचारलं, "खरंच हालला का?" तर म्हणाला, "तुमी मेहनत करून राहिले म्हणून म्हटलं." यावर चिडायचंही कसं? मी त्याला चहा पाजला आणि एसटीने घरी पाठवलं. उद्या फोन करतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी एकट्याने करून पाहिलं. स्कॅनरमध्ये आकड्याचा आलेख साठवता येतो. आलेख चालू ठेवायचा, जुडगं हलवायचं, मग आत जाऊन पाहायचं. आकडा पडल्याचं आलेखात दिसलं, दोनदा दिसलं. पण पडला तेव्हा माझा हात कुठे होता ते आलेख कसं सांगणार? बॉनेटपासून सीटपर्यंत आणि सीटपासून बॉनेटपर्यंत येरझारा घालून माझे गुडघे बोलायला लागले. दुपारी मी ड्रायव्हरच्या सीटवरच बसून राहिलो. समोर उघडं बॉनेट, त्यापलीकडे कुणी नाही. इतकं एकटं मला तिच्या जाण्याच्या दिवशी, स्टेशनवरून रिकाम्या घरी आलो तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं होतं, येईल.

मग मी तिच्या मोबाइलवर फोन लावला. मी स्वतःहून कधी लावत नसे, आणि दुपारी तर नाहीच.

"काऊन जी, आता कसा फोन?" ती दबक्या आवाजात म्हणाली. नात झोपली असणार. "बरे आहात ना?"

"बरा आहे. काम आहे."

"काय काम?"

"आकडा पाहायचा आहे."

 ती म्हणाली, "थांबा, दार लावून घेते." दार लागल्याचा आवाज आला, आणि मग तिचा नेहमीचा, मोठा आवाज. "कोणता कोड आहे?"

स्कॅनर सीटच्या पाठीला टेकवला. व्हिडिओ चालू केला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन मोबाइल स्टिअरिंगला बांधला, त्याचा मागचा कॅमेरा स्क्रीनकडे करून. माझा चेहरा तिला दिसत नव्हता, तिचा मला दिसत नव्हता. मी पुढे जाऊन बॉनेटखाली वाकलो.

"दिसते का?" मी ओरडलो.

"दिसून राहिला. पॉइंट पाच. गाडी धानवाल्याची आहे का जी? सीटवर कोंडा आहे."

"तू आकडा पाहा."

"पाहूनच राहिली ना."

ते शब्द ड्रायव्हरच्या खिडकीतून आले. माझा हात तारांवर होता आणि तो काही वेळ हलला नाही. ती म्हणाली, "हालवा ना, झोपले का?" मी हलवायला लागलो.

"आहे. आहे. आहे." प्रत्येक वितीला ती सांगत गेली. मधेच म्हणाली, शेजारच्या बाईने तुमाले भाजी दिली म्हणे, कोणती? मी म्हटलं, वांग्याची. ती म्हणाली, तिच्या भाजीत तेल जास्त असते, रोज खाऊ नोका. आहे. आहे. मी विचारलं, नातीचे दात आले का सगळे? म्हणाली, दाढा येऊन राहिल्या, रात्रभर रडते. आहे. आहे. रात्रीच्या फोनवर महिनोन्‌महिने जे बोललो नव्हतो ते एका जुडग्यावर बोलून झालं.

"गेला," ती ओरडली. "शून्य. आला परत. जिथं हात आहे तिथंच राहू द्या."

माझा हात इंजिनच्या मागच्या बाजूला होता, जिथे जुडगं बाजूच्या लोखंडी पट्टीला बांधलेलं असतं. मी बॅटरी मारून पाहिलं. कंपनीची प्लास्टिकची क्लिप कधीतरी तुटली होती आणि तिथे कुणीतरी सुतळीने जुडगं बांधलं होतं. पीळ देऊन, टोक आत खोचून, गच्च. ही गाठ मी ओळखतो. आमच्याकडे धानाचा भारा असाच बांधतात. भारा सैल राहिला तर बांधीवरून चालताना डोक्यावरच सुटतो, म्हणून गुडघा देऊन आवळायचा, हे इथल्या हातांना लहानपणापासून ठाऊक असतं. पण इंजिन भारा नव्हे. ते रबरावर बसवलेलं असतं, चालू झालं की डुलतं, आणि त्याच्यासोबत डुलायला तारेला थोडी ढील लागते. त्या भल्या माणसाने आईच्या गाडीचं जुडगं पूर्ण काळजीने, आयुष्यभराच्या सरावाने आवळलं होतं, आणि प्रत्येक डुलण्याला आतलं तांबं थोडं थोडं तुटत गेलं होतं.

मी तिला सांगितलं. ती इतकी हसली की पलीकडे नात जागी होईल अशी मला भीती वाटली. "माझ्या बाबाच्या हातची गाठ वाटते," ती म्हणाली.

मी सुतळी कापली, टेप सोलली. निळी तार. ओढून पाहिली तर रबर लांबलं आणि तुटलं. दोन्ही टोकं माझ्या बोटांत आली.

"सापडली का?" तिने विचारलं.

सापडली म्हटलं की ती फोन ठेवणार होती.

"नाही अजून," मी म्हणालो. "हालवून राहिलो. तू पाहत राहा."

"बरं," ती म्हणाली.  मी टोकं धरून उभा होतो. रस्त्यावरून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला. मग ती म्हणाली, अगदी हळू, "आकडा कवाचा शून्यावर आहे जी. खाली नाई, वर नाई. तार तुटली आहे अन् तुमच्या हातात आहे."

इतकी वर्षं आकडा पाहिलेल्या बाईला मी फसवायला निघालो होतो. बॉनेटखाली माझे कान गरम झाले. आणि तिला माझा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच असेल, मी म्हणालो, "ये ना आता घरी. मला करमत नाही."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हे तुमी दिवाळीत म्हणाले असते तं," ती म्हणाली. "पोरीले पुन्हा दिवस आहेत. तिनं इचारलं, आई, राहशील का. मी लगेच हो नाई म्हटलं. वाट पाहिली तुमची. रोज वाटे, आज म्हणतीन. तुमी जेवलो म्हणता अन् ठेवता. मले वाटलं, यांचं चालून राहिलं एकट्याचं. मागच्या हप्त्यात मी तिले हो म्हणून बसली. आता तिनं नोकरीवर सांगून टाकलं, आई आहे, काम सोडत नाई म्हणून. आता कशी येऊ, सांगा."

"हो," मी म्हणालो. "आता कशी येशील."

 हिच्यावर चिडावं, मुलीवर चिडावं, असं काही सुचलं नाही. एक आठवडा. मी दिवाळीत कंदीलही लावला नव्हता, कुणासाठी लावायचा म्हणून, आणि तिकडे ती त्याच दिवसांत मी कधी बोलतो याची वाट पाहत होती.

"तार जोडा," ती म्हणाली.  "उभे नोका राहू तसेच. मी आहे."

मी तुटका भाग कापला, नवा तुकडा घेतला, सोल्डरचा डाग दिला, वर नळी चढवून गरम केली. माझे हात हे काम डोळे मिटूनही करतात. त्या दिवशी मी ते शिकाऊ माणसासारखं सावकाश केलं. ती मधे मधे विचारत होती, झालं का, आणि मी म्हणत होतो, होते. ती घाई करत नव्हती. जुडगं परत पट्टीला लावलं, या वेळी ढील ठेवून.

"पॉइंट पाच," ती म्हणाली. "हालवून पाहा." मी हलवलं. "पक्का आहे."

पलीकडे नात उठली. आधी कुरकुर, मग रडणं. "आली, आली," ती तिला म्हणाली आणि मग मला म्हणाली, "पुन्हा असं काम निघालं तं लावा फोन. दुपारी ही झोपते."

"निघते ना," मी म्हणालो. "रोजच निघते."

असा फॉल्ट वर्षाकाठी एखादा येतो. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"मंग रोज लावत जा," ती म्हणाली.